गोठवायचं ते अर्धवटच: पुण्यातल्या रूमवर स्वस्त प्रोटीनचा आठवडा

पुण्यात मेसवर जेवणाऱ्याला रविवारची संध्याकाळ समजावून सांगावी लागत नाही. दुपारी फीस्ट, म्हणजे पुऱ्या, मसालेभात, वाटीभर काहीतरी गोड. आणि संध्याकाळी शटर खाली. लातूरहून सदाशिव पेठेत आले त्या वर्षी माझ्या बहुतेक रविवारच्या रात्री वडापावावर गेल्या. पुढे मेसच सोडली. तिथल्या वरणात चमचा तळापर्यंत फिरवला तरी वर हळदच यायची, डाळ काही सापडायची नाही. खाड्याचे पैसे वळते करून घेताना जी हुज्जत घालावी लागायची ती निराळीच.

आम्ही चौघी, एक कुकर, पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि घरमालकीण काकूंनी भाड्यासोबत दिलेला एका दाराचा जुना फ्रिज. त्याचा फ्रीझर एवढाच की दोन जाड गाइडं आडवी ठेवली की भरला. तेवढ्या जागेत आठवड्याचं प्रोटीन बसवायला शिकायला मला वर्ष लागलं. तुम्ही नुकतेच रूमवर आला असाल तर ते वर्ष वाचवा.

सगळी मेख एका गोष्टीत आहे, म्हणून ती आधीच सांगते. तयार भाजी गोठवू नका, अर्धी भाजी गोठवा. कडधान्य शिजलेलं, मीठ-मसाला न घातलेलं. वाटण वेगळं. फोडणी रोजची रोज. मी पहिल्यांदा उत्साहात मटकीच्या तयार उसळीचे आठ डबे करून ठेवले होते. कोथिंबीर काळी पडली, फोडणीचा वास उडून गेला, आणि बुधवारी तर डबा उघडायच्या आधीच चौघींची तोंडं वाकडी. तीच मटकी नुसती वाफवून ठेवली असती, तर सोमवारी उसळ, बुधवारी भेळ आणि शुक्रवारी मिसळ झाली असती. फोडणीला पाच मिनिटं लागतात. शिजवण्याला वेळ लागतो, भिजवायची आठवण ठेवावी लागते, गॅस जळतो. फ्रीझरवर टाकायचं ते हे दुसरं ओझं.

आपल्याला लागतं किती?

जिमवाल्यांचे आकडे थोडा वेळ बाजूला ठेवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेलं प्रमाण प्रौढ माणसासाठी वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे. साठ किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. व्यायाम करत असाल तर जास्त लागेल. मी सोयीसाठी ६० ग्रॅमचं गणित मांडते.

इथे एक फसगत नेहमी होते. इंटरनेटवर ‘मटकीत २३ ग्रॅम प्रोटीन’ असं वाचून लोक वाटीभर उसळ खातात आणि २३ ग्रॅम झाले असं धरतात. तो आकडा १०० ग्रॅम कोरड्या मटकीचा असतो. शिजल्यावर तिच्यात पाणी भरतं, आणि तुमच्या वाटीत जेमतेम ४०-५० ग्रॅम कोरडी मटकी असते. म्हणजे ९ ते १२ ग्रॅम प्रोटीन. मोड आल्याने प्रोटीन वाढतं हेही खरं नाही. पचायला सोपं होतं, ‘क’ जीवनसत्त्व तयार होतं, पण प्रोटीन तेवढंच राहतं. म्हणून माप कोरड्या धान्याचं धरायचं आणि एका जेवणाला माणशी ५० ग्रॅम कडधान्य मोजायचं. वजनकाटा नसेल तर आमटीची छोटी वाटी पाऊण भरून घ्या. एकदा किराणा दुकानात त्या वाटीचं वजन करून घेतलं की कायमचं काम होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मला ते हसत हसत करून दिलं होतं.

दिवसाचं गणित असं बसतं. तीन पोळ्यांचे साधारण १०, मूठभर तांदळाच्या भाताचे ४, पाव लिटर दुधाचे ८, एका वेळच्या उसळीचे ११, दुसऱ्या वेळच्या घट्ट वरणाचे ९, दोन अंड्यांचे १२, मूठभर दाण्यांचे ७. झाले ६१. अंडी खात नसाल, किंवा ‘अंडंसुद्धा चालणार नाही’ असं घरमालकांनी बजावलं असेल, तर २५ ग्रॅम कोरडे सोया चंक्स अंड्यांची जागा भरून काढतात. आणि पोळी-उसळ, वरण-भात या जोड्या मोडू नका. कडधान्यात जे अमिनो आम्ल कमी पडतं ते धान्यात असतं आणि धान्यात जे कमी ते डाळीत. आज्यांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं, पण ताट बरोबर वाढलं होतं.

पैसे कुठे घालायचे

कुठल्याही वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: दहा ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं? खालचे भाव मी हिशेबाला सोपे जावेत म्हणून धरलेत, तुमच्या दुकानातला भाव घालून बघा.

सोया चंक्स किलोला १६० धरले तर दहा ग्रॅम तीन रुपयांना पडतात, कारण त्यांच्यात निम्म्याहून जास्त प्रोटीनच असतं. अख्खा मसूर १०० रुपये किलो असेल तर चार रुपये. मटकी, चवळी, हरभरे थोडे वर. शेंगदाणे १४० ने घेतले तर साडेपाच. अंडं सात रुपयांचं असेल तर बारा रुपये. दूध ६० रुपये लिटर, तर अठरा. हाडांसकट चिकन २४० ने घेतलं की साधारण दुधाच्या जवळपास जातं. पनीर ४०० ने घेतलं तर वीसच्या वर. थोडक्यात, पनीर हा प्रोटीनचा स्वस्त मार्ग आहे हा समज डोक्यातून काढून टाका. ते आवडतं म्हणून खा, शनिवारी खा.

कडधान्यं महिन्याची एकदम घ्या. चौघं मिळून घेत असाल तर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागापर्यंत एक चक्कर परवडते. एकट्यासाठी पाव-पाव किलो घ्यायला तिकडे जाण्यात अर्थ नाही, पीएमपी बसच्या तिकिटात आणि अर्ध्या दिवसात फायदा संपतो. कांदे, लसूण, कोथिंबीर मंडईतून, तेही संध्याकाळी उशिरा. थंडीत मटार उतरले की मात्र लोभ सुटू द्या. दोन किलो शेंगा आणायच्या, चौघींनी गप्पा मारत सोलायच्या, दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून लगेच गार पाण्यात काढायचे, निथळून, पुसून गोठवायचे. मटारात प्रोटीन डाळीएवढं नसतं, पण पोह्यांत, खिचडीत, उपम्यात मूठभर पडले की जेवण गरिबाचं वाटत नाही.

एका माणसाला आठवड्याला लागतं ते असं: मटकी पाव किलो, अख्खा मसूर पाव किलो, छोले किंवा चवळी दीडशे-दोनशे ग्रॅम, मूगडाळ-तूरडाळ मिळून तीनशे ग्रॅम, सोया चंक्स सव्वाशे ग्रॅम, शेंगदाणे पाव किलो, बेसन थोडं, अंडी डझनभर, दूध रोज पाव लिटर. दर आठवड्याला यातलं सगळं संपणार नाही. उरेल ते कोरडं आहे, टिकतं.

आधी फ्रीझरची परीक्षा

चांगला फ्रीझर उणे १८ अंशांवर चालतो. जुन्या एका दाराच्या फ्रिजमधला तेवढा गार असेलच असं नाही. थर्मामीटर कुणाकडे असतो? आइस्क्रीमचा छोटा कप रात्रभर आत ठेवा. सकाळी चमचा आत जाता जाता वाकायला लागला तर फ्रीझर ठीक आहे. वस्तू महिनाभर सुखाने राहतील. चमचा लोण्यासारखा शिरला तर आठवडाभराचंच ठेवा आणि कच्चं चिकन साठवायच्या फंदात पडू नका. बर्फाचा थर बोटभर जाड झाला असेल तर आधी तो उतरवा. जागा तोच खातो, आणि गारवाही अडवतो.

शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळ

पहिली पायरी शुक्रवारी रात्री. पाव किलो मटकी निवडा. निवडाच, कारण मटकीत बारीक खडे असतात आणि न भिजणारे टणक दाणेही असतात. ते दाताखाली आले की दाढ आठवते. दोनदा धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला.

शनिवारी सकाळी पाणी काढून टाका, मटकी पुन्हा एकदा धुवा आणि चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. निथळणं महत्त्वाचं. पाणी राहिलं की मोड येण्याऐवजी बुळबुळीत होऊन वास मारते. मग पातळ सुती फडक्यात सैलसर बांधायची, घट्ट गाठोडं नाही. दाण्यांना हवा लागते. गाठोडं चाळणीत, चाळणी पातेल्यावर, वर ताट. उन्हाळ्यात शनिवारी रात्रीपर्यंत अर्ध्या पेराएवढे मोड येतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची थंडी मटकीला मानवत नाही, तेव्हा काकूंनी सांगितलेली युक्ती: ‘‘अगं, तिला थंडी वाजतेय. गोधडीत गुंडाळून ठेव.’’ मी गोधडी घातली, रविवारी सकाळी फडकं उघडलं तर मोड फडक्यातून बाहेर डोकावत होते. मोड आलेलं कच्चं कडधान्य तसंच बाहेर ठेवून देऊ नका आणि कच्चं खाण्याचा हट्टही नको. ज्या ऊबदार ओलाव्यात मोड येतात, त्यातच जंतूही वाढतात. वाफवून खाल्लेलं बरं.

शनिवारी रात्री छोले भिजत घाला. राजमा करत असाल तर तोही, पण राजम्याचं भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि दाणा बोटाने दाबल्यावर पीठ होईल इतका शिजवा. अर्धकच्च्या राजम्यात एक विषारी घटक राहतो, त्याने उलट्या होतात. तो पूर्ण उकळल्यावरच जातो.

रविवारी संध्याकाळी पाचला कुकर चढतो. क्रम पाळलात तर दोन तासांत सगळं उरकतं, गॅसही कमी जळतो.

आधी छोले, कारण त्यांना वेळ लागतो. पाच-सहा शिट्ट्या, मग बारीक आचेवर दहा मिनिटं. तोवर दुसऱ्या शेगडीवर वाटणाचा कांदा. चार मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलात तांबूस होईपर्यंत परता, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं वेगळं भाजा, लसणाची अख्खी गड्डी, बोटभर आलं, कोथिंबिरीच्या काड्या. पानं नव्हे, काड्या. पानं वरून घालायला ठेवा. गार करून शक्य तितक्या कमी पाण्यात वाटायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचं. गोठल्यावर खडे काढून डब्यात टाका, ट्रे मोकळा. एका माणसाच्या उसळीला दोन खडे पुरतात.

ट्रे मोकळा करण्याचं मी मुद्दाम म्हणतेय. आमच्याकडे एकदा रूममेटचे वडील गावाहून आले होते. तिने घाईत लिंबाचं सरबत केलं, बर्फ घातला, पेला पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, ‘‘बाळा, पुण्यात सरबतात लसूण घालतात का?’’

छोले उतरले की त्याच कुकरमध्ये अख्खा मसूर, भिजवलेला नसला तरी तीन-चार शिट्ट्या. मटकीला कुकर नकोच. उकळत्या पाण्यावर चाळणीत सात-आठ मिनिटं वाफ, दाणा अख्खा राहिला पाहिजे. गोठून पुन्हा उकळल्यावर ती आणखी मऊ होते, म्हणून जरा कमी शिजवलेलीच उतरवा. सोया चंक्स मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळायचे, गार पाण्यात टाकायचे आणि दोन तळव्यांत दाबून पिळायचे. पुन्हा पाणी, पुन्हा पिळायचे. ज्या वासामुळे लोक सोयाला नावं ठेवतात, तो या दुसऱ्या पाण्यात निघून जातो. निम्मे चंक्स मिक्सरमध्ये एकदाच फिरवा, खिमा होतो.

आता गार करणं. गरम पातेलं सरळ फ्रीझरमध्ये ठेवलं तर शेजारच्या गोठलेल्या वस्तू विरघळतात. उलट रात्रभर कट्ट्यावर राहिलं तर जंतूंना मेजवानी. मधला मार्ग म्हणजे ताटात पातळ पसरून पंख्याखाली अर्धा तास. काहीही झालं तरी शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. भाताला हे सगळ्यात जास्त लागू. भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात वाढतात आणि त्यांनी केलेलं विष नंतर कितीही गरम करा, जात नाही. रात्री कुकरमध्येच विसरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करायची आपली सवय मला सोडवत नव्हती. आता रात्रीच फ्रिजमध्ये ठेवते आणि मग सकाळी फोडणी देते.

भरायचं कसं? झिपवाल्या पिशवीत एका वेळचा वाटा घाला, हवा काढा आणि हाताने थापून वहीएवढा पातळ करा. डबा गोलमटोल असतो, त्याच्या भोवतीची जागा फुकट जाते आणि मधला गोळा विरघळायला तास लागतो. चपट्या पिशव्या लवकर गोठतात, पुस्तकांसारख्या उभ्या रचता येतात, आणि पाण्याच्या पातेल्यात टाकल्या की दहा मिनिटांत मोकळ्या होतात. पिशव्या धुऊन वाळवून पुन्हा वापरा, फक्त कच्च्या चिकनची फेकून द्या. स्टीलचा डबा वापरणार असाल तर वर बोटभर जागा सोडा, पाणी गोठताना फुगतं.

प्रत्येक पिशवीवर कागदी चिकटपट्टी: काय आहे, कधीचं आहे. ‘मला लक्षात राहील’ असं म्हणणाऱ्याने गोठलेला मसूर आणि गोठलेला सोया खिमा शेजारी ठेवून ओळखून दाखवावा.

चिकन खात असाल तर कच्चंच, मीठ-हळद-आलं-लसूण लावून, एका वेळच्या पिशव्यांत गोठवा. नळाखाली धुवायची गरज नसते. शिंतोडे उडून कट्टाभर जंतू पसरतात. आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजच्या कप्प्यात, ताटलीत ठेवायचं. एकदा विरघळलेलं कच्चं चिकन पुन्हा गोठवायचं नाही. रूममेट शाकाहारी असेल तर तिच्यासमोरच वेगळा डबा करा आणि तो सगळ्यात खाली ठेवा. यावरून झालेली भांडणं परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत चालतात.

फ्रीझरला न मानवणाऱ्या वस्तू

उकडलेलं अंडं रबर होतं. बटाटा स्पंजासारखा होतो, म्हणून रस्सा गोठवताना त्यात बटाटा नको. दही फाटतं. काकडी, कच्चा टोमॅटो, पोहे यांचा विचारही करू नका. पनीर गोठून भुसभुशीत होतं, पण भुर्जीला तेच हवं असतं. पोळ्या मात्र छान राहतात: दोन्ही बाजूंनी अर्ध्याच भाजून, पूर्ण गार करून, मध्ये कागद घालून ठेवा. सकाळी सरळ तव्यावर.

आठवडा कसा जातो

सोमवारी अभ्यासिकेच्या डब्यात मटकीची सुकी उसळ. मोहरी, हिंग, कढीपत्ता, वाटणाचा एक खडा, गोडा मसाला, गूळ चिमूटभर, गोठलेली मटकी तशीच कढईत. विरघळायची वाट बघू नका. रात्री मूगडाळीची खिचडी, डाळ-तांदूळ समसमान घेऊन, वर दाण्याची चटणी आणि वाटीभर दही.

मंगळवार अख्ख्या मसूराचा. कांदा-लसूण मसाला सढळ हाताने, वाटणाचे दोन खडे, तेल जरा सुटू द्या. हा पदार्थ भाकरीशी जास्त जमतो. भाकरी थापता येत नसेल तर पोळीभाजी केंद्रातून दोन विकत आणण्यात कमीपणा नाही. रात्री सोया खिमा आणि पाव. मटार असतील तर त्यात मूठभर.

बुधवारी सकाळी दोन अंड्यांची भुर्जी, दुपारी छोले. दुपारी चारची भूक ही खरी शत्रू आहे, तिच्यामुळेच समोसा-चहाचं बिल चढतं. त्यासाठी वाफवलेल्या मटकीत कांदा, लिंबू, फरसाण मूठभर. नाहीतर खिशात फुटाणे-दाणे.

गुरुवारी फ्रीझर उघडायचा नाही. दुरुस्तीच्या नावाखाली पुण्यात वीज जायची ती बहुधा गुरुवारीच, आणि बंद ठेवलेला, भरलेला फ्रीझर काही तास सहज तग धरतो. दहा वेळा उघडून ‘विरघळलं का’ बघितलं की नक्की विरघळतं. म्हणून गुरुवार पिठल्याचा. पन्नास ग्रॅम बेसनात ११ ग्रॅम प्रोटीन असतं. पिठलं-भात, कच्चा कांदा, संपलं. वीज परत आल्यावर पिशवीत अजून बर्फाचे खडे लागत असतील तर चालेल. पूर्ण मऊ झालेली पण गारच असलेली उसळ त्याच रात्री उकळून खा. कोमट लागली, तर टाकून द्या.

शुक्रवारी मिसळ. उरलेल्या मटकीत जास्त पाणी, कांदा-लसूण मसाल्याची तर्री, वर फरसाण, दोन पाव. बाहेर एका प्लेटला जेवढे जातात तेवढ्यात घरी चौघं जेवतात, अर्थात पुण्यातल्या मिसळीवरचे वाद घरीही होतातच. चिकन असलं तर ते आज रात्री. आणि झोपायच्या आधी पुढच्या आठवड्याची मटकी भिजत पडलीच पाहिजे. मिसळीच्या नादात हे दोनदा राहिलंय माझं.

शनिवारी दुपारी वरणफळं: तुरीचं आंबटगोड वरण, त्यात कणकेचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे, वर दाण्याचं कूट. रात्री फ्रीझरमध्ये जे उरलं असेल ते सगळं एकत्र, अर्धी पिशवी मसूर, चार छोले, सोयाचे तुकडे, वाटणाचे शेवटचे खडे. आम्ही याला ‘अधिवेशन’ म्हणायचो, कारण एकाचं दुसऱ्याशी पटत नाही पण सगळे एका ठिकाणी बसतात. लिंबू पिळलं की चांगलं लागतं.

फ्रीझर आता रिकामा आहे, तर डीफ्रॉस्टचं बटण दाबा, खाली जुनं फडकं घाला आणि रात्रभर सोडा. सुरीने बर्फ खरवडू नका. आमच्यातल्या एकीने ते केलं, एक ‘फुस्स’ आवाज आला आणि आतला गॅस गेला. दुरुस्तीचे पैसे चौघींनी वाटून भरले आणि काकू पुढे महिनाभर फ्रिज उघडल्याचा आवाज आला तरी वर डोकावायच्या. फ्रीझर विरघळतोय तोवर छोले निवडून भिजत घाला.